छताचा सौदा

त्या मे महिन्यात गोंदियाजवळच्या आमच्या मुर्रीत गारा पडल्या तेव्हा घर बांधून सातेक वर्षं झाली होती. मुलगी तिसरी पास झाली होती, मोबाइल नुकतेच घरोघर दिसू लागले होते. नवरा नोकरीनिमित्त डोंगरगडला असे आणि रविवारी घरी येई. घरात मी, मुलगी आणि सासूबाई.

छत सिमेंटच्या पत्र्यांचं होतं. भरदुपारी अंधारून आलं आणि गारांचा असा काही मारा सुरू झाला की आम्ही तिघी खाटेखाली शिरलो. आवाज थांबल्यावर बाहेर आलो, तर स्वयंपाकघरातून आभाळ दिसत होतं. तुटक्या पत्र्याचे तुकडे पिठाच्या डब्यात, देव्हाऱ्यात, सगळीकडे. शेजाऱ्यांनी ताडपत्री आणून बांधली, म्हणून त्या संध्याकाळी चूल तरी पेटली.

घराचं कर्ज देताना बँकेनं विमा काढायला लावला होता. त्याची आठवण आम्हाला व्हायच्या आधी एका ठेकेदाराला झाली. गोंदियाहून मोटारसायकलवर येऊन तो गल्लीगल्लीत विचारत फिरत होता, विमा कोणाकोणाचा आहे. चाळिशीचा असेल, उन्हानं रापलेला.

"भाभीजी, आपको एक पैसा नहीं लगेगा," तो म्हणाला. "कागद मी करतो, छत मी टाकतो. क्लेम आला की पूर्ण रक्कम मला द्यायची, बस."

मला ते ऐकून इतकं हायसं वाटलं की मी लगेच हो म्हणणार होते. पण सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. धानाच्या व्यापाऱ्यांशी भाव करण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"काय काय लिवलं तू त्याच्यात? वाचून दाखव," त्या म्हणाल्या.

त्यानं अंदाजपत्रक वाचलं. पत्रे, हूक, वॉशर, मजुरी आणि छताखालचे सगळे लोखंडी पाइप नवे.

"पाइप तं शाबूत आहेत. ते काऊन लिवले?"

"अम्मा, कंपनी काटती ही है. ज्यादा लिहिलं तर बराबर मिळते."

"अन तुले कितीक सुटते याच्यात?"

तो हसला आणि त्यानं विषय बदलून पाहिला. सासूबाईंनी विषय बदलू दिला नाही. मला पाणी आणायला सांगितलं, त्याला खाटेवर बसवलं आणि तेच पुन्हा विचारलं. शेवटी तो बोलू लागला. पत्रे दुकानातून उधार उचलायचे, त्यावर दुकानदार व्याज लावतो. गाडीभाडं रोख. मजुरांना रोज संध्याकाळी पैसे. कंपनीचा चेक दोन-तीन महिन्यांनी येतो, आणि चेक आल्यावर काही लोक फोनच उचलत नाहीत. म्हणून पाइप लिहायचे. पाइप लिहिले की एवढं सगळं जाऊन जवळपास छताच्या किमतीइतकाच नफा राहतो, हेही त्यानं सांगून टाकलं. माझे डोळे विस्फारले. सासूबाईंचे नाही.

"नफा घे बाबू," त्या म्हणाल्या. "बिनानफ्याचा कोनी कायले दुसऱ्याच्या छतावर चढन? पन जे तुटलं नाही ते लिवू नको. आमच्या नावानं खोटं जाऊन राहिलं ते."

त्यानं पेन काढून पाइप खोडले. मला वाटलं, आता हा उठून जाईल. पण तिसऱ्या दिवशी पत्र्यांची गाडी दारात उभी होती. विम्याचा सर्व्हेअर येऊन मोजून, फोटो काढून गेला आणि लगेच काम सुरू झालं. पावसाळ्याच्या आत आमच्या डोक्यावर नवं छत आलं.

क्लेम मंजूर झाला तो पोळ्याच्या सुमारास. पत्रे जुने होते म्हणून कंपनीनं चांगलीच कपात केली होती. ठेकेदार चेकची रक्कम घ्यायला आला, आकडा दोनदा वाचून पाहिला. माल आणि व्याज भागून मजुरीसुद्धा पुरती निघत नव्हती. "बोला था ना अम्मा," एवढंच म्हणाला. मी घाबरून विचारलं, आता वर किती द्यायचे?

"काही नाही. जबान दी थी."

रविवारी नवरा आला तेव्हा सासूबाईंनी विषय काढला. मजुरीचे पैसे आपण द्यायचे. नवरा म्हणाला, "आई, त्यानंच म्हटलं होतं ना, एक पैसा लागणार नाही म्हणून."

"त्याची जबान त्याच्यापाशी. कोनाच्या छताखाली झोपून राहिलो आपन?"

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघी ऑटोनं त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं चहा केला. सासूबाईंनी मजुरीचे पैसे पुढे केले, तर तो मागे सरला.

"अम्मा, ये तो सौदे में नहीं था."

"सौद्यात नवतं. उन्हात तं होते तुझे मानसं."

त्यानं पैसे दोन्ही हातांनी घेतले. दिवाळीनंतर नवं धान भरडून आणलं, तेव्हा घरच्या चिन्नोर तांदळाचं एक पोतंही सासूबाईंनी त्याच्याकडे पाठवलं. मुर्रीत, शेजारच्या कुडव्यात कोणाचं छताचं काम निघालं की त्या त्याचंच नाव सांगत. आणि त्यालाही ठणकावून सांगत, आधी नफा सांगायचा, मग शिडी लावायची. तो हसायचा, पण सांगायचाही. त्याला काम कमी पडलेलं मला तरी आठवत नाही.

पुढं आम्ही समोरच्या खोलीवर स्लॅब टाकला तोही त्यानंच. स्वयंपाकघरावर मात्र ते पत्रे अजून आहेत. सासूबाई आता नाहीत. सकाळी चहा ठेवताना वर नजर जाते आणि मनातल्या मनात मी त्या दोघांना हात जोडते. पत्रे तर कोणीही बसवून दिले असते. पण त्यांच्यामुळे त्या छताखाली मला कधी मान खाली घालावी लागली नाही.