पोवळेसर आणि काळी रेघ

समोरच्याच्या बोटात पोवळ्याची अंगठी दिसली की सर तो हात सरळ आपल्या हातात घेत. धुळ्याच्या बाजारात एका मारवाडी कापडवाल्याला ते म्हणाले होते, "शेठजी, तुमचा मंगळ शांत झाला असेल, पण हे ज्यांनी बांधलं ते चिमुकले प्राणी गेले." शेठजींनी हात सोडवून घेतला. "सर, कापड बघा. दुकानात सुतक नको." तेव्हापासून आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांचं नाव पोवळेसर पडलं.

समुद्रापासून इतक्या लांब हा माणूस प्रवाळांचे रोग शिकवायचा. पुस्तकात त्याला जेमतेम अर्धं पान. सर त्यावर आठवडा घालवत. अंगठीतलं पोवळं वेगळं आणि समुद्रात खडक बांधणारं प्रवाळ वेगळं, इथून सुरुवात. मग काळ्या पट्टीचा रोग. प्रवाळावर काळी रेघ उमटते, रोज थोडी सरकते आणि मागे नुसता पांढरा सांगाडा ठेवते. "त्या रेघेत एकटा गुन्हेगार नाही, टोळी आहे," सर सांगत. "एका जातीचे सूक्ष्मजीव जाळं विणतात, दुसरे त्यात विषारी वायू सोडतात. एकेकटे पकडा, सगळे सज्जन."

रोग पसरतो म्हणजे काय, हे समजावताना मात्र ते केळीच्या बागेत शिरत. "सुदाम, बागेत केळीवर हरण्या रोग आला तर काय करतोस?" पाचोऱ्याकडचा सुदाम बाकावरूनच सांगे, "उपटून पुरतो, सर." "का?" "नाहीतर बठ्ठी बाग जाईल." सर खूश होत. "बघा, याला रोगशास्त्र येतं."

सरांनी स्वतः ती रेघ कधी पाहिली नव्हती. प्राचार्यांच्या मागे लागून, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कधीतरी, त्यांनी कच्छच्या आखाताची सहल मिळवली. विद्यार्थ्यांतर्फे व्यवस्था माझ्याकडे होती: गाड्या, डबे, औषधं, जुने बूट. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर सर पँट दुमडून एखाद्या पोरासारखे फिरत होते. एका प्रवाळावर त्यांना काळपट रेघ दिसली. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "थांबा. चिखलानेही प्रवाळ मरतं. उद्या रेघ सरकलेली दिसली तर बोलू." त्यांनी रेघेच्या कडेला दोरा बांधला.

दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला आम्ही पोचलो, तर तिथे प्रवाळच नव्हतं. पुढे गेलेला सुदाम पहार घेऊन किनाऱ्यावरून येत होता, घामाघूम आणि समाधानी. "सर, मी ते उपटी टाकं. वाळूमा पुरी दिधं. आते रोग पसराव नही."

सर खाली बसले. म्हणाले, "सुदाम, ते एक झाड नव्हतं रे. अख्खं गाव होतं. अर्धी वस्ती जिवंत होती." सुदामचा चेहरा उतरला. तो किनारा राखीव होता; वनखात्याचा रखवालदार आला तेव्हा सरांनीच पुढे होऊन लिहून दिलं: "विद्यार्थ्याने मी शिकवलं तसं केलं. चूक माझी." ते पत्र कॉलेजात पोचलं आणि समुद्राच्या सहली बंद झाल्या. सरांना ती रेघ सरकताना पाहायला मिळाली नाही, ती नाहीच. वर्गातलं केळीचं उदाहरणही त्यांनी सोडून दिलं.

त्या हिवाळ्यात सुदामने सरांना शेतावर बोलावलं. सोबत मी होते. सगळी बाग हिरवीगार, आणि बांधाजवळ पिवळ्या पट्ट्यांचं एक रोगट झाड उभं. त्याचे आबा दुरूनच कुरकुरले, "हाऊ पोऱ्या येडा व्हयना. उपटूच देत नही."

"सर, हे तुमच्यासाठी ठेवलंय," सुदाम म्हणाला. "रोग कसा सरकतो ते रोज येऊन बघा. कोणाला हात लावू देणार नाही."

सरांनी झाडाकडे पाहिलं, मग शेजारच्या कोवळ्या केळींकडे. चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"कुदळ आण," ते म्हणाले. "इथं तुझंच बरोबर आहे."

सर गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की मला समुद्र आठवत नाही. केळीच्या बागेत, सुदामच्या बरोबरीने खड्डा खणणारे सर आठवतात, आणि बांधावरून आबांचा आवाज: "मास्तर, जरा खोल खंदा."