दोष मुठीचा

जगात जे काही बिघडतं ते मुठीमुळं बिघडतं, असं आमच्या घरमालकांचं, म्हणजे काकांचं, ठाम मत होतं. मूठ म्हणजे वस्तू जिथं धरायची ती जागा. छत्री उलटी झाली, भाजी करपली, सही वाकडी आली, तरी वाऱ्याला, विस्तवाला किंवा माणसाला ते कधी बोल लावत नसत. "धरायलाच नीट नसेल तर बिचारा हात काय करील?" असं म्हणून ते त्या वस्तूची मूठ काढून टाकत आणि दुसरी बसवत. त्यामुळं बाजारातून आली तशी एकही वस्तू त्यांच्या घरात राहिली नव्हती. छत्रीला बॅडमिंटनच्या रॅकेटची मूठ होती. काकूंच्या उलथन्याला शिसवाची मूठ होती आणि ती इतकी जड होती, की उलथनं कढईत टेकवून ठेवलं तर कढईच कलंडायची. "मी स्वयंपाक करत नाही, वजनं उचलते," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. न्हाणीच्या दाराला आतून एक गुळगुळीत पितळी गोळा बसवलेला होता, तो साबणाच्या हातानं फिरत नसे. मी खोली भाड्यानं घेतली त्याच आठवड्यात आत अडकलो. खूप आवाज दिल्यावर बाहेरून काकांचा शांत आवाज आला, "घाबरू नको, गंगापूरकर. तुझी काही चूक नाही."

ते मला गंगापूरकर म्हणत, कारण मी गंगापूरजवळच्या एका खेड्यातून औरंगाबादेत शिकायला आलो होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पहिल्या वर्षी मी इंग्रजीत नापास झालो आणि ट्रंक भरून गावी परत जायला निघालो. काकांनी मला ओसरीवर बसवलं, माझा उजवा हात हातात घेतला आणि वैद्यानं नाडी पाहावी तसा बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. आतापर्यंत धरायला नीट काही मिळालं नव्हतं, एवढंच." त्यांनी मला दोरा गुंडाळलेलं एक जाडजूड पेन दिलं. पुढच्या खेपेला मी पास झालो. त्याचं सगळं श्रेय त्यांनी त्या दोऱ्याला दिलं, आणि मीही कधी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्या वर्षात माझ्या हाताला चांगलं म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

हे खूळ कुठून आलं ते एकदा काकूंनी सांगितलं. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा काका शाळेत होते आणि तोवरचं त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. मग शाळा मराठी झाली. उजवीकडून डावीकडं धावणारा हात एकदम उलटा चालवायचा होता, तो काही वळेना. मास्तर त्या हातावरच छड्या मारत. पुढं काकांनी जमीन मोजणीच्या खात्यात आयुष्यभर सुरेख मराठी अक्षरात नोकरी केली, पण हाताला दोष दिलेला त्यांना कधी सहन झाला नाही. आपल्या नाही आणि दुसऱ्याच्याही नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांना पूल, म्हणजे बिलियर्ड्सच्या जातीचा खेळ, खेळायचा नाद लागला. गुलमंडीत एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर पूलचं टेबल आलं होतं. तिथं कॉलेजची मुलं खेळायची आणि त्यांच्यात आमचे काका, पांढरा सदरा, पायात कोल्हापुरी वहाणा. मुलं त्यांना अंकल म्हणायची. ते वाकले, एक डोळा बारीक केला आणि लांब काठीनं पांढरा चेंडू टोलवला, की मुलं आपला खेळ थांबवून पाहायची. रविवारी दुपारी ते खेळून आले की काकूंसाठी गजरा आणत. त्यामुळं काकूंचीही त्या खेळाला हरकत नव्हती.

मग त्यांचा उजवा हात कापायला लागला. प्रथम चहा बशीत सांडू लागला, तेव्हा घरातले कप बदलले. दाढी करताना गाल कापू लागला, तेव्हा वस्तऱ्याची मूठ बदलली. काकू म्हणत होत्या, "अहो, डॉक्टरांना दाखवू या." काका म्हणत, "डॉक्टर कपाला काय करणार?" आणि एका रविवारी काठीचं टोक टेबलाच्या हिरव्या कापडावरून खर्रकन घसरलं. कापड फाटलं नाही, पण दुकानवाला धावत आला. तो वाईट माणूस नव्हता. अगदी हळू आवाजात म्हणाला, "अंकल, कपडा नया डाला है. आप बैठके देखो ना, चाय पिओ." त्या दिवशी काका गजरा न घेता घरी आले, वहाणा काढल्या आणि एवढंच म्हणाले, "काठी बरोबर नाही. माझी स्वतःची करून घेतो."

त्या काठीचे दोन भाग असतात. पुढचा निमुळता भाग त्यांनी तयार आणला. प्रश्न होता मागच्या मुठीचा, म्हणजे कापणारा हात जिथं धरणार त्या भागाचा. तो कशाचा करावा हे ठरवण्यात काकांनी जे काही केलं, ते लोक मुलीला स्थळ पाहतानाही करत नाहीत. जुन्या शहरात पलंगाचे पाय आणि लाटणी करणारे एक खरादी चाचा होते. त्यांच्याकडून काका लाकडाचे हातहात लांबीचे तुकडे आणत आणि प्रत्येक तुकडा दिवसभर हातात वागवत. लाकडाला घाम कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. सागवान हातात घेतलं की त्यांना कचेरीचं टेबल आठवे, म्हणून ते बाद झालं. शिसव फार गंभीर निघालं, "कोर्टात उभं केल्यासारखं वाटतं." म्हशीचं शिंग सकाळी गार लागे आणि उन्हात वास मारी. एकदा त्यांनी काठीला हिमरूच्या जुन्या शालीचा तुकडा गुंडाळून पाहिला, आणि नवरदेवाचा हात धरल्यासारखं वाटतं म्हणून तोही सोडून टाकला. चिंचेचा तुकडा घेऊन पेन्शन काढायला गेले, तेव्हा बँकेच्या शिपायानं त्यांना दारात अडवलं.

"ये क्या है?"

"मूठ आहे."

"किसकी?"

"अजून ठरलं नाही."

खरादी चाचा तर मेटाकुटीला आले होते. "साब, लकडी है, दुल्हन नहीं. कायको इत्ता सोचते? मेरेकू भी रात को सपने में येच दिखता अब." काका ऐकून घेत आणि नवा तुकडा मागत. घरात आम्हाला सगळ्यांना कळत होतं, की ही मूठ सापडली नाही तर काका पुन्हा टेबलाजवळ जाणार नाहीत. आणि सापडली तर काय, हे विचारायचं धाडस कुणालाच नव्हतं.

मी तोपर्यंत नोकरीला लागलो होतो, पण खोली सोडली नव्हती. एके दिवशी माझे वडील बाजरीचं पोतं घेऊन आले. पाणी पिऊन होतं न होतं तोच काकांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि एकेक तुकडा त्यांच्या हातात दिला.

"सांगा पाटील, कोणता बरा?"

"समदेच बरे हायेत की, साहेब."

"तसं नाही. तुम्ही आयुष्यभर औतं हाकली. तुमच्या हाताला कोणतं लाकूड आवडतं?"

वडील डोळे उघडून हसायला लागले. "आवडाय काय इचारलंय कुणी? जे व्हतं ते धरलं. बाभळीचं रुमणं व्हतं, माझ्या बापानं धरलेलं. तेच मी धरलं."

रुमणं म्हणजे नांगर धरायचा उभा दांडा. "कुठं आहे ते?" काकांनी विचारलं. वडील म्हणाले, "ट्रॅक्टर आल्यापून गोठ्याच्या दाराला अडकण लावलंय." काका उठले आणि वहाणा घालू लागले. काकू म्हणाल्या, "अहो, पाहुणे आत्ता आलेत, जेवू तरी द्या!" जेवण झालं, पण हात धुताक्षणी आम्ही तिघं एसटीत होतो.

आमच्या गोठ्यात शेणामुताच्या वासात उभं राहून काकांनी ते रुमणं हातात घेतलं. वरच्या टोकाला आजोबांच्या आणि वडिलांच्या हातानं झिजून एक खोलगट जागा झाली होती. अंगठा जिथं टेकतो तिथं तर लाकूड शिंपल्यासारखं आत गेलं होतं आणि चमकत होतं. काकांचा हात कापतच होता. तो त्या खोलगट जागेत जाऊन बसला. आमची म्हैस रवंथ करायची थांबून त्यांच्याकडं पाहत राहिली. "न्या की, साहेब," वडील म्हणाले, "दाराला दुसरं लावतो. लई दारं हायेत, लाकडाला काय तोटा?"

खरादी चाचांनी वरचा तुकडा कापून खरादावर चढवला, यंत्र सुरू केलं आणि पटाशी उचलली. तेवढ्यात काका ओरडले, "रुको!" मी त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. खरादावर चढलेलं लाकूड गोल आणि गुळगुळीत होऊन उतरणार होतं, म्हणजे ती झिजलेली जागाच आधी जाणार होती.

"अब क्या हुआ, साब?"

"इसको छीलो मत. ऐसाच जोड दो."

"टेढा रहेगा! लोगां हसेंगे मेरे पे. बोलेंगे, चाचा को दिखता नहीं."

"मेरा नाम बोलो."

चाचांनी कपाळाला हात लावला, पण जोडून दिलं, आणि फार चांगलं जोडून दिलं. तशी काठी शहरात दुसरी नसेल. पुढून सरळ, परदेशी, पांढरीशुभ्र. मागून काळपट, वाकडी, बाभळीची.

रविवारी काका, काकू आणि मी गुलमंडीला गेलो. काकू त्या दुकानाचा जिना पहिल्यांदाच चढत होत्या. मुलांनी टेबल मोकळं करून दिलं. काठी पाहून एकजण हसला, दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. दुकानवाला कापडाकडं पाहत उभा होता. काकांनी अगदी सोपा चेंडू निवडला, टेबलाच्या कोपऱ्यातल्या खिशाच्या तोंडाशी असलेला. वाकले. एक डोळा बारीक केला. हात मुठीच्या खोलगट जागेत बरोबर बसला होता, कुठंही घसरत नव्हता, आणि तरीही काठीचं टोक हवेत थरथरत होतं. ते थांबले. पुन्हा वाकले. टोला बसला आणि पांढरा चेंडू त्या चेंडूला न शिवता बाजूनं निघून गेला.

मग दुकानवालाच म्हणाला, "अंकल, एक और लो. लो ना."

काकांनी रुमाल काढून मूठ पुसली. आम्ही सगळे वाट पाहत होतो, ते आता काय म्हणतात याची. बाभूळ खडबडीत आहे, वजन मागं जातं, काहीही. ते म्हणाले, "मुठीत काही दोष नाही."

जिना उतरताना त्यांनी काकूंचा हात धरला होता. गल्लीच्या तोंडाशी थांबून त्यांनी गजरा घेतला आणि तो देताना म्हणाले, "उद्या डॉक्टरांकडं जाऊ या." काकूंनी मान वळवली आणि गजरा माळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

औषधानं हात थोडा शांत झाला, पण खेळण्याइतका कधीच नाही. तरी काका रविवारी गुलमंडीला जात राहिले. ती काठी मांडीवर आडवी ठेवून बसत, दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत, आणि एखाद्या मुलाचा टोला चुकला की त्याला जवळ बोलावून त्याची काठी तपासत. तो हिरमुसला असेल तर म्हणत, "तुझी काही चूक नाही." घरातल्या मुठी बदलणं मात्र त्यांनी बंद केलं. काकूंचं जड उलथनं तसंच राहिलं. काका गेल्यानंतर मी काकूंना हलकं नवं आणून दिलं, तर त्यांनी ते वापरलं नाही.

काठी काकूंनी मला दिली. माझ्या घरात ती पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभी असते. आलेले लोक विचारतात, मी खेळतो का. मी नाही म्हणतो. कधी घरात कुणी नसलं, की मी त्या खोलगट जागेत हात ठेवून पाहतो. आजोबांचा हात तिथं बसला होता, वडिलांचा बसला होता, काकांचाही बसला होता. माझा बसत नाही. अंगठा त्या शिंपल्याएवढ्या खळग्यात भरत नाही, बोटं पेन धरल्यासारखी जवळ येतात. मी हात काढून घेतो आणि थोडा वेळ त्याच्याकडं पाहतो. दोष मुठीचा की हाताचा, हे सांगणारं आता कुणी राहिलेलं नाही.