आत्याच्या दहाव्याला कावळा शिवेना

पुण्याहून पहाटेची एसटी धरली. पिशवीत वाचायला पुस्तक होतं, पण मंचर आलं तरी ते उघडलं नव्हतं. उजाडलं तेव्हा खिडकीबाहेर उसाचे फड, तारेवर बांधलेले टोमॅटो आणि ‘बिबट्यापासून सावधान’चे फलक मागे पळत होते. आत्याच्या गावची वाट इतकी परकी मला कधी वाटली नव्हती.

पिंपळवंडीच्या फाट्यावर आतेभाऊ दत्तादादा मोटरसायकल घेऊन उभा होता. त्याच्या मागे आत्याचा फ्लेक्स लागलेला. तिचा फोटो वाटीएवढा, श्रद्धांजली वाहणाऱ्या पुढाऱ्यांचे परातीएवढे.

“साहेब येणारेत,” दादा म्हणाला. “आईसाठी लई मोठं माणूस येतंय.”

“ते ओळखत होते आत्याला?”

“ताई, तू पण ना! बस गाडीवर.”

माझी आई गेल्यावर दहावीपर्यंत मला आत्यानेच वाढवलं. तिच्या हातची मासवडी (तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी, नावापुरताच मासा) आळीभर प्रसिद्ध होती. अख्ख्या वड्या सगळ्यांना वाढायची आणि कापताना मोडलेली टोकं तेवढी स्वतःच्या ताटात घ्यायची. हवंय असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

कुकडीच्या घाटावर पिंड मांडून सगळे मागे सरले. दहाव्याला कावळा पिंडाला लगेच शिवला की माणूस तृप्त होऊन गेलं म्हणायचं. उशीर झाला तर त्याची काही इच्छा राहिली, आणि त्याविषयी गाव पुढे कित्येक वर्षं बोलत राहतं.

पलीकडच्या बाभळीवर कावळे येऊन बसलेच होते. तेवढ्यात साहेबांची गाडी आली, माइक खरखरला आणि बाभळीकडे तोंड करून बांधलेले दोन्ही कर्णे एकदम गरजले. कावळे उडाले.

“कैलासवासी माईंचं आणि माझं घरोब्याचं नातं...”

आत्याचं नाव भागूबाई. तिला माई कुणीच म्हणत नव्हतं. साहेब माईंवरून कालव्याच्या पाण्यावर गेले, पाण्यावरून विरोधकांवर. मध्येच, माईंच्या स्मरणार्थ घाटावर शेड बांधून देतो, असा शब्दही त्यांनी दिला. कावळे घिरट्या घालत, खाली झेपावत आणि आवाज चढला की पुन्हा वर जात.

लोकांत कुजबुज सुरू झाली.

“जीव अडकलाय म्हातारीचा.”

“नातवाचं लगीन ऱ्हायलं ना.”

“त्ये न्हाई, थोरल्या सुनेसंगं बिनसलं व्हतं.”

दादा पिंडापुढे हात जोडून एकेक वचन देत होता. नातवाचं लग्न लावून देतो, अस्थी काशीला नेतो, घरात कुणी भांडणार नाही. त्याचा आवाज रडवेला झाला होता. जिने जन्मभर काही मागितलं नाही, तिच्या नावावर भर घाटावर एकेक हाव चिकटवली जात होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी साउंडवाल्याकडे गेले. “भाऊ, जरा बंद करा. कावळे बुजतायत.”

“सायेब बोलत्यात,” तो म्हणाला.

मी ग्रंथालयात काम करते. मोठ्याने बोलायचीही मला सवय नाही. पण मी वाकून पिन उपसली. साहेब ‘विकासा—’वर तुटले.

“लाइट गेली काय राव?” कुणी तरी विचारलं.

बायकांतून एक म्हातारी ओरडली, “गेली तं जाऊ द्या! गप बसा समदी घटकाभर!”

सगळे गप्प झाले. नदीचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. एक कावळा उतरला, मान तिरकी करून त्याने बघितलं आणि घास उचलला. मग दुसरा, तिसरा. दादाने जोडलेले हात तसेच कपाळाला लावले.

साउंडवाल्याने पिन पुन्हा खोचली. साहेबांनी घसा साफ केला.

“बघा! शेडचा शब्द दिला आणि माईंचा आत्मा तृप्त झाला!”

माणसांनी माना डोलावल्या.

परत फाट्यावर आणून दादाने गाडी उभी केली. मग म्हणाला, “साहेबांचा अपमान झाला, ताई.”

“आत्यानं शेड मागितली होती का रे कधी?”

“तिनं भाजीत मीठ कमी पडलं तरी मागून घेतलं न्हाई,” तो म्हणाला, आणि रुमालाने तोंड पुसू लागला.

एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, “दहाव्याला गेल्तात जणू?”

“हो. आत्या होती.”

“कावळा शिवला का लगेच?”

आत्या कशी होती हे नाही. पहिला प्रश्न हाच. मी जरा फटकूनच म्हणाले, “लगेच शिवला असता. भाषणं चालू होती.”

बाई हसल्या नाहीत. “आमच्या सासूबाईंच्या येळेला दोन पुढारी व्हते. शेवटी दर्भाचा कावळा (गवताचा करून पिंडाला लावतात तो) करावा लागला. आजून लोक म्हणतात, म्हातारी हावरी व्हती.”

“कशा होत्या त्या?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. मग पाय वर घेऊन नीट बसल्या आणि सांगू लागल्या. खेड आलं तरी त्यांचं सांगणं चालूच होतं.