तेरड्यावरचा पतंग

लढाईच्या त्या वर्षांत बाबा भंडारदऱ्याला धरणाच्या ऑफिसात होते. गौरींसाठी मी इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगातून घरी आले होते. वहिनीची लग्नानंतरची ती पहिलीच गौर. गौरी बोळवल्या की तिचा भाऊ तिला सोनईला न्यायला येणार होता. लग्नापासून ती माहेरी गेलेली नव्हती.

आमच्याकडे गौर तेरड्याची. डोंगरावरच्या पठारावरून सून ती मुळासकट उपटून आणते आणि उंबऱ्यापर्यंत तोंडात पाणी धरून, न बोलता चालते. गौर घेऊन आम्ही परत निघालो: आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढे, मधे वहिनी, मागे मी.

पठार तेरड्यानं गुलाबी झालं होतं. एका फुलासमोर काहीतरी हवेत उभं होतं. फुलावर बसत नव्हतं, नुसतं उभं. पंख दिसतच नव्हते, बाजूंना धुरकट थरथर तेवढी, आणि लांब सोंड फुलात. असं चित्र माझ्या शाळेच्या पुस्तकात होतं. एरवी घरात मी चार शब्द बोलत नसे. तेव्हा मात्र ओरडले, “वहिनी, हमिंगबर्ड! ते पाखरू बघ, बघ!”

वहिनी वळली. तिनं निरखून पाहिलं आणि तिला हसू फुटलं. तोंडातलं पाणी पदरावर सांडलं.

“अहो वन्सं, पाखरू कुठलं? मिशा आहेत त्याला! पतंग आहे तो.”

खरंच होत्या. भर उन्हात उडणारा पतंग मी कधी पाहिला नव्हता.

आई थांबली. मी लगेच म्हटलं, “आई, हाक मी मारली. तिची चूक नाही.”

“तुझं काय, तू शाळेतली. पाणी तिच्या तोंडात होतं.” मग वहिनीकडे न बघता, “गौर वाटेत हसली. आता दसऱ्यापर्यंत माहेराचं नाव नको.”

मी पुन्हा पुन्हा विनवलं. दर वेळी आई माझ्या पाठीवरून हात फिरवी आणि वहिनीला आणखी एक काम सांगे. शेवटी वहिनीच म्हणाली, “वन्सं, आता पुरे.”

गौरी गेल्या, तिचा भाऊ आला. आईनं काही बोलायच्या आत वहिनीच म्हणाली, “दादा, कामं फार आहेत रे इथं. दसऱ्याला येते. आईला सांग, मजेत आहे.”

चहा घेऊन तो निघाला. ती दारातच थांबली. मी त्याला मोटारीपर्यंत पोचवायला गेले. मला कुणी अडवलं नाही.

वाटेत त्यानं विचारलं, “ताई, आमची पोर खरंच मजेत आहे ना?”

मी मान डोलावली.