डुकरांचा कोतवाल असाहेल थर्लो

असाहेल थर्लो हा चामडं कमावणाऱ्याचा पोरगा. शाळा त्यानं बाहेरूनच पाहिली. वाचायला शिकला तो कातड्यांना गुंडाळून आलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर. गिरणीमालकांशी भांडता भांडता तो अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याचा गव्हर्नर झाला, आणि स्वतःच्याच पक्षाशी भांडता भांडता वर्षभरात माजी झाला. "मला शत्रूंनी नाही पाडलं," तो म्हणायचा. "तेवढी सवड मी त्यांना दिलीच नाही."

साठी उलटल्यावर हा विधुर गडी हेमलॉक हिलला, आपल्या गावी परतला आणि हिवाळ्यातच थँकफुल क्विंबी नावाच्या विधवेशी लग्न करून मोकळा झाला. गावची वर्षभराची पदं वाटणाऱ्या मार्चच्या गावसभेत अध्यक्षपद आपलंच, असं त्यानं धरूनच ठेवलं होतं. गव्हर्नरला गाव दुसरं काय देणार?

पण गावाची एक जुनी खोडी होती. नव्या नवरदेवाला डुकरांचा कोतवाल नेमायचं. मोकाट डुकरं धरायची आणि कोंडवाड्यात घालायची, हे त्याचं काम.

"यंदा नवरदेव एकच आहे," त्याचा बालमित्र जोथम पीसली उठून म्हणाला. "जरा पिकलाय, पण आहे."

सभा खदखदली.

"मी राज्याची फौज सांभाळलीय!" असाहेल कडाडला.

"मग डुकरं काय जड? ती पगार तरी मागत नाहीत."

नेमणूक नाकारून दंड भरला की सुटका होती. पण मग जन्मभर 'गव्हर्नरसाहेब' म्हणून पाहुण्यासारखं राहायचं. लोक टोपी काढणार, पण संध्याकाळी सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या पिंपापाशी सरकून जागा कोणी देणार नाही. असाहेलला ती जागा हवी होती, आणि मानही सोडवत नव्हता. तेवढ्यात बायकांनी सभेसाठी आणलेल्या जेवणाच्या टोपल्यांआडून थँकफुल म्हणाली, "अहो, धावणं झेपणार नाही वाटतं?"

संपलं. त्यानं शपथ घेतली.

मे महिन्यात पीसलीचीच डुकरीण शेजारणीच्या वाटाण्यात घुसली. असाहेल राज्यकारभाराचा काळा कोट चढवून गेला. दुसरा कोट नव्हता, आणि दुसरी अक्कलही. अर्धं गाव कुंपणावर बसलं. मदत कोणाची नाही, सल्ला सगळ्यांचा. अगदी विधिमंडळ.

"असाहेल, पुढून अडव!"

"अरे, भाषण दे तिला, झोपेल!"

चिखलात लोळून त्यानं एकदाचा तिचा मागचा पाय धरला, तेव्हा कोण कोणाला कोंडवाड्यात नेतंय ते कळत नव्हतं. संध्याकाळी पिंपापाशी पीसली सरकला. "बस. पण जरा लांब बस, वास येतोय."

पुढच्या मार्चला गावात नवा नवरदेव होता, आणि कोतवालकीला त्याचंच नाव पुढं आलं. असाहेल ताडकन उठला. "या पोराला डुकराचं तोंड कुठं, शेपूट कुठं ते तरी कळतं का?" आणि घसा बसेपर्यंत बोलला. गव्हर्नरकीला याच गावानं त्याच्याविरुद्ध मतं टाकली होती. कोतवालकीला मात्र त्याच्यासाठी एक सोडून सगळे हात वर गेले.

तो एक कोण, हे कळेपर्यंत असाहेलनं कोणाला जेवायला उठू दिलं नाही.