आक्काचा चमचा

फोन आक्काच्या सुनेचा होता. "मावशी, आक्का गेल्या... सकाळी अंगणातच कोसळल्या." हे ऐकून माणूस हंबरडा फोडतो. माझ्या तोंडून निघालं, "ताक प्याल्या होत्या का?" सव्वा महिना झाला, तो प्रश्न अजून माझी पाठ सोडत नाही.

आक्का माझी भागीदार, चाकणजवळच्या जुन्या गावातली. मी लातूरकडची, राहते काळेवाडीत, जात्याच भित्री. ओळख बचत गटातली. रसाच्या कारखान्यातून डाळिंबाची सालं पोती भरभरून फेकली जायची. ती धुऊन, वाळवून, दळून पोटासाठी पूड करायचं आक्कानं मनावर घेतलं. "आमी पोरास्नी जुलाब झालं की हेच उगाळून देतो, लोकं का न्हाई घ्यायची?" लोकांनी घेतलीही. निगडीतून मागणी येऊ लागली तशी माझी झोप उडाली. फळं फवारलेली, कुणाला काही झालं तर? परवाना होता, तपासणीचे कागद होते, पण माझं काळीज कागदानं कुठं थाऱ्यावर येतंय...

म्हणून आक्कानं नियमच केला. नवी पूड दळली की डबा बंद. स्वतःचं नाव कोरलेल्या चमच्यानं रोज एक चमचा ताकात ढवळून आठ दिवस ती प्यायची, मगच माल बाहेर. मी हात पुढं केला की म्हणायची, "तू गप बस वंदे. आधी मी. तुझी पोरं लहान हायेत." आणि खोटं कशाला बोलू, मी हात मागं घ्यायचे. मला बरंच वाटायचं.

ती गेली तो सहावा दिवस होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. गोळ्या म्हणे कधीपासून चालू होत्या, पत्ता फक्त आम्हालाच नव्हता. त्या डब्यातली पूड मी पुन्हा तपासून आणली, स्वच्छ निघाली. तरी भीती जाईना. माझ्या भित्रेपणापायी ती रोज ते पीत राहिली आणि त्यानंच गेली असेल तर? तेराव्याला सुनेनं चमचा माझ्या हातात ठेवला. "हा तुमच्याकडंच राहू दे, मावशी." तिच्या डोळ्याला डोळा देणं मला जमलं नाही.

डबा ओतून देणं सोपं होतं. पण मग आक्काच्या हातची पूड विषारी होती, हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. गेल्या रविवारी मी झाकण उघडलं.

आज माझा सहावा दिवस. पोरं शाळेत गेलीत. ताक ढवळून समोर ठेवलंय आणि ते प्यायचं सोडून तासभर हे लिहीत बसलेय. चमच्यावरचं 'शकुंतला' झिजलंय, 'ला' तर दिसतच नाही. भीती वाटतेय आक्का, खूप वाटतेय... पिते.