चिठ्ठीवर छापलेलं खरं कारण

ही वही कुणाच्या हाती लागली तर आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, आणि अक्षर असं की बचत गटातल्या बायका म्हणायच्या, "सचिवबाई, ह्ये तुमी लिवलंय का वहीवरून कोंबडी गेली?" सगळ्या हसायच्या. मला मान वर करवत नसे. म्हणून मुलीला म्हटलं, तू नारायणगावला कम्प्युटर शिकतेस, गटाचं दप्तर त्यात घालून दे.

आमच्यात एक रीत आहे. कर्ज मागताना बाई चारचौघींत कारण सांगते: शेळी, बियाणं, घरखर्च. खरं वेगळं असलं तर ते मागाहून सचिवाच्या कानात. हप्ता चुकला तर कुणासाठी थांबायचं हे मला ठाऊक असावं लागतं. ते मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहायची. मुलीनं तेही कम्प्युटरात घेतलं. "हा कप्पा प्रायव्हेट ठेवते आई, कुणाला दिसणार नाही."

तिनं मला समजावलं होतं. प्रत्येक बाईचं एक खोकं, खोक्यात कप्पे: नाव, बचत, कर्ज, हप्ता. आधी प्रत्येकीच्या हिशेबाची चिठ्ठी छापायला प्रत्येक कप्प्याची ओळ तिला हातानं लिहावी लागे. नवीन काही वाढवलं की छपाईत राहून जाई, आणि बायका माझ्यावर चिडत. मग एका रविवारी ती खुशीत म्हणाली, "आता प्रोग्रामच खोक्याला विचारतो, तुझ्यात कप्पे कोणते? आणि एकेक उघडून नाव नि आतलं छापत जातो. रिफ्लेक्शन म्हणतात याला." मला कौतुक वाटलं.

सगळं दप्तर साठवून ठेवायला तिनं मागे असाच एकेक कप्पा उघडत जाणारा फेरा लिहिला होता. काही सुटू नये म्हणून त्यात प्रायव्हेट कप्प्याचं कुलूप काढायचीही एक ओळ होती. तोच फेरा तिनं त्या ओळीसकट उचलून छपाईला लावला.

चिठ्ठ्या पारगावच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणल्या. मी आकडे तेवढे वहीशी ताडले. खालच्या ओळी वाचल्या नाहीत. बिबट्याच्या भीतीनं आमची बैठक चारलाच उरकते, त्या घाईत वाटून टाकल्या. बहुतेकींचा तो कप्पा रिकामाच होता.

शेजारच्या अक्कांचा नव्हता. त्यांनी शेळी सांगून कर्ज घेतलं होतं. चिठ्ठीवर छापून आलं, खरे कारण: मुलीच्या फारकतीचा वकील. मुलगी माहेरपणाला आलीय असंच घरात सांगितलेलं. अक्कांना वाचता येत नाही. नेहमीसारखी त्यांनी चिठ्ठी दिराच्या हातात दिली.

सकाळी अक्कांचा दीर आमच्या दारात. "वैनी, तुमचा कम्प्युटर लई हुशार हाय. आमच्या घरातलं आमाला ठावं न्हवतं, त्याला ठावं."

मी पदर ओढून उभी.

दुपारी नळावर अक्का भेटल्या. "बाय, म्या तुझ्या कानात सांगितलं व्हतं."

"अक्का, मशीननं चुकून..."

"मशीनच्या कानात न्हाई सांगितलं."

दोन दिवसांनी दिरानं जाणती माणसं गोळा केली आणि अक्कांच्या मुलीला जुन्नरकडं सासरी नेऊन घातलं. ती जीपमध्ये बसताना मी उंबऱ्यात होते. सांगावंसं वाटलं, थांबवा, चूक माझी आहे. पण माझी चूक म्हणून तिचं जाणं कोण थांबवणार? पाऊल उचललं नाही. अक्का ओट्यावर बसून जीपकडं बघत राहिल्या.

संध्याकाळी माझ्या मुलीनं रडत रडत प्रोग्राम उघडला. त्या कप्प्यावर खूण केली. फेरा तिथं आला की तो कप्पा सोडून पुढं जातो.

"किती लिहावं लागलं?" मी विचारलं.

"दोन ओळी."

"एवढंच व्हतं?"

"एवढंच."

त्यानंतर माझ्या कानात कुणी काही सांगितलं नाही. कर्ज मागतात, शेळी म्हणतात, मी शेळी लिहिते. अक्कांची मुलगी कशी आहे ते कुणाला विचारायची मला हिंमत होत नाही. अक्का बैठकीला यायच्या, पण बसायच्या नाहीत. हप्ता सतरंजीच्या कडेला ठेवून निघायच्या. वकिलाला दिलेले पैसे गेले ते गेलेच, तरी एकही महिना त्यांनी चुकवला नाही.

परवा त्या शेवटचा हप्ता घेऊन आल्या. "मोज," म्हणाल्या, आणि मी मोजेपर्यंत उभ्या राहिल्या. "माझं नाव गटातनं काढ."

मी काढलं. त्यांचं कर्ज व्याजासकट पूर्ण फिटलं.